वाटाड्यांचे दप्तर

१८७४ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला पेंढा भरलेला गोरिला दोन आफ्रिकी माणसांनी पाहिला. त्यांची नावे अब्दुल्ला सुसी आणि जेम्स चुमा. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात हे दोघे शेवटपर्यंत त्याच्याबरोबर होते. १८७३ मध्ये तो वारल्यावर त्याचे शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तांड्याचे नेतृत्वही त्यांनीच केले. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीचे संपादन करणाऱ्या होरेस वॉलरला त्यांनी मदत केली. जागा कुठली, नदी कुठली, हा माणूस कोण, असे जे जे वॉलरला कागदावरून उलगडेना, ते हे दोघे सांगत.

त्यातला एक प्रश्न एका प्राण्याचा होता. काँगोच्या पूर्वेकडच्या मान्येमा प्रदेशात असताना, ऑगस्ट १८७० मध्ये, लिव्हिंग्स्टनने ‘सोको’ नावाच्या प्राण्याविषयी लिहिले आहे. गवताला लावलेल्या आगीमुळे चार सोको उघड्यावर आले आणि भाल्यांनी मारले गेले. लिव्हिंग्स्टन त्यांना कधी सोको म्हणतो, कधी गोरिला. मग हा प्राणी खरोखर कोणता? वॉलरने दिलेल्या टिपेनुसार, म्युझियममधला गोरिला आणि मान्येमातला सोको एकच आहेत असे सुसी आणि चुमा यांना म्हणता येईना. ताकदीला आणि आकाराला सोको गोरिलाइतकाच असावा, असे त्यांचे मत पडले. पण तेही त्यांनी जपून दिले. मान्येमातले शिकारी मेलेला सोको आणत तो आतडी काढूनच. तेव्हा अंगाचा खरा घेर किती असेल, हे नक्की सांगणे कठीण, असे त्यांनी स्पष्ट केले.

मला ही टीप फार मोलाची वाटते. आपण काय पाहिले हे सांगताना आपल्याला काय दिसले नाही हेही सांगणारा साक्षीदार इतिहासाला क्वचित मिळतो. त्या काळी युरोपातले विद्वान कवट्या मोजून आफ्रिकेतल्या वानरांविषयी मते देत होते. इथे ज्यांनी प्राणी पाहिला होता त्यांना विचारले गेले, आणि त्यांचे उत्तर त्यांच्या नावांसह छापले गेले. सोको म्हणजे चिंपांझी, असेच आज धरले जाते. स्वाहिलीत चिंपांझीला आजही ‘सोक्वे’ म्हणतात.

या गोष्टीला मुंबईची एक बाजू आहे. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेल्या चुमाला लिव्हिंग्स्टनने १८६४ मध्ये आपल्या छोट्या बोटीतून झांझिबारहून मुंबईला आणले आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. सुसी त्याच बोटीवरचा खलाशी. तो मुंबईच्या गोदीत कामाला लागला. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाला, तेव्हा हे दोघे त्याच्याबरोबर होतेच. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाई होते आणि नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले ९ आफ्रिकी तरुण होते. गुलामांच्या जहाजांवरून सुटून नाशिकला पोचलेल्या या मुलांना इंग्रज ‘नासिक बॉइज’ म्हणत. मान्येमाच्या जंगलात पोचेपर्यंत या तांड्यातले बहुतेक गळाले होते. उरलेल्या मूठभरांत चुमा आणि सुसी होते. सोकोविषयी लंडनला साक्ष देणारे हे दोघे असे मुंबईमार्गे तिथे पोचले होते.

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. कुणीतरी पाहिलेले, कुणीतरी सांगितलेले तिसऱ्याच्या नावाने कसे छापले जाते, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून चिंपांझींच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना माझे लक्ष शास्त्रज्ञांपेक्षा त्यांच्या पुढे चालणाऱ्या माणसाकडे जास्त जाते. या इतिहासाचे मूळ लेखन बरेचसे त्या माणसाने केले आहे, आणि आपण वाचतो ते त्याचे भाषांतर, असे मला वाटते.

आधी नावाचेच पाहू. १६९९ मध्ये एडवर्ड टायसन या इंग्रज वैद्याने अंगोलाहून लंडनला आणलेल्या आणि तिथे मेलेल्या एका कोवळ्या चिंपांझीच्या शवविच्छेदनावर पुस्तक लिहिले. त्याने त्या प्राण्याला नाव दिले ‘ओरांग-औटांग’. हा मलाय शब्द. त्याचा अर्थ रानातला माणूस, आणि तो आला बोर्निओ-सुमात्राच्या बाजूने. आफ्रिकेतल्या प्राण्याला आशियातले नाव लागले, आणि त्यालाच लॅटिनमध्ये ‘होमो सिल्वेस्ट्रिस’, म्हणजे पुन्हा रानातला माणूसच, असे म्हटले गेले. आपल्याकडचा ‘वनमानुष’ याच घरातला. मलाय, लॅटिन, मराठी, तिन्हीकडे कल्पना एकच: हा माणसासारखा आहे, फक्त रानात राहतो. संस्कृत ‘वानर’ची लोकांनी लावलेली ‘वा नरः’, हा नर की काय, ही व्युत्पत्तीही तसलीच. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचे साम्य दिसते, आणि नाव त्या साम्यावरून पडते.

‘चिंपांझी’ मात्र त्या किनाऱ्यावरच्या लोकांचा शब्द आहे. काँगो-अंगोलाच्या बाजूच्या एका बांटू भाषेतून तो उचलला गेला आणि १७३८ मध्ये, एक मादी लंडनला आणून लोकांना दाखवली गेली तेव्हा, इंग्रजीत छापला गेला. शब्द ज्याच्या तोंडून घेतला त्याचे नाव मात्र नोंदले गेले नाही. पुढच्या दोनशे वर्षांची ती रीतच होऊन बसली.

या दोनशे वर्षांत चिंपांझी पाहण्याचा मुख्य मार्ग बंदूक किंवा पिंजरा हाच होता. आई मारायची आणि पिल्लू पकडायचे. फेब्रुवारी १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टनलाही असे एक पिल्लू भेट मिळाले होते. आई मारताना पकडलेली ती मादी जेमतेम दीड फूट उंच बसायची. ती त्याच्या चटईवर शेजारी निमूट बसे, उचलून घेण्यासाठी हात पुढे करी, आणि घेतले नाही तर रडणाऱ्या माणसासारखे तोंड करी. हे त्याने कळवळून लिहिले आहे.

१८९० च्या दशकात रिचर्ड गार्नर या अमेरिकनाने मार्ग उलटा केला. माकडांची भाषा शिकण्याचा त्याला ध्यास होता. १८९३ मध्ये गॅबनच्या जंगलात त्याने लोखंडी पिंजरा उभारला आणि स्वतःच त्यात जाऊन बसला. वानरे येतील, बोलतील आणि आपण ऐकू, अशी त्याची अपेक्षा होती. माणूस पिंजऱ्यात आणि प्राणी बाहेर, या चित्राची चेष्टा पुष्कळ झाली. मला त्यातली धडपड ओळखीची वाटते. पण एका जागी बसून भाषा येत नाही. बोलणाऱ्यांच्या मागे हिंडावे लागते. १९३० मध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री निसेन फ्रेंच गिनीत गेला आणि काही महिने जंगलात चिंपांझींच्या मागे फिरला. रानातल्या चिंपांझींचा पहिला पद्धतशीर अभ्यास म्हणून त्याचे नाव घेतले जाते. चिंपांझी मात्र त्याला पाहून पळत होते. त्यांना पळू न देता त्यांच्याजवळ कसे जायचे, हा प्रश्न अजून तीस वर्षे उरला होता.

जेन गुडॉल १४ जुलै १९६० रोजी टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेला उतरली तेव्हा ती २६ वर्षांची होती. तिच्याबरोबर तिची आई होती आणि डॉमिनिक नावाचा स्वयंपाकी. जंगलात एकटीने फिरायची परवानगी नव्हती, म्हणून सुरुवातीला अडोल्फ हा वनरक्षक आणि रशीदी किक्वाले हा स्थानिक माणूस तिच्या सोबत असत. वाटा त्यांना माहीत होत्या. कुठले झाड कधी पिकते हे माहीत होते. पहिले काही महिने पाचशे यार्डांवरून माणूस दिसला तरी चिंपांझी पसार होत. नोव्हेंबरमध्ये, तिने ‘डेव्हिड ग्रेबिअर्ड’ नाव दिलेल्या नराने गवताची काडी वाळवीच्या वारुळात घालून वाळवी काढून खाल्ली. ती गोष्ट जगाला ठाऊक आहे.

त्यानंतर जवळीक वाढली ती केळ्यांमुळे. छावणीत केळी ठेवली जाऊ लागली आणि चिंपांझी येऊ लागले. गोंबेपासून दक्षिणेला, त्याच सरोवराच्या काठी माहाले डोंगरांत जपानच्या तोशिसादा निशिदा यांनी १९६५ मध्ये काम सुरू केले. त्यांनी ऊस लावला आणि पुढच्या वर्षी चिंपांझी उसाला आले. तिथल्या टोंग्वे लोकांच्या वाटांनी आणि त्यांच्याच सोबतीने माहालेचा अभ्यास चालला. पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात क्रिस्तोफ बोएश यांनी १९७९ पासून काहीही खायला न घालता फक्त मागे चालायचे ठरवले. चिंपांझी त्यांना जवळ येऊ देईपर्यंत पाच वर्षे गेली.

प्राणी माणसाला घाबरेनासा होतो या प्रक्रियेला इंग्रजीत हॅबिच्युएशन म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधताना पहिल्यांदा ‘माणसाळणे’ सुचतो. पण तो इथे चालत नाही. माणसाळलेले जनावर माणसाकडे येते, हातातले खाते. इथे हवे असते ते नेमके उलटे. माणूस शेजारी उभा असावा आणि चिंपांझीने त्याची दखलही घेऊ नये. एखादे झाड असते, एखादे रानडुक्कर असते, तसा माणूस. ‘सरावणे’ हा शब्द मला जास्त बरा वाटतो. डोळे अंधाराला सरावतात तसे. त्यात प्रेम नाही, उपकार नाही. केळी आणि ऊस यांनी चिंपांझी थोडेफार माणसाळले होते. केवळ मागे चालून ते सरावतात. आणि हे सरावणे घडवून आणणारा माणूस रोज पहाटे, पावसात, कुणी पाहत नसताना चालणारा असावा लागतो.

अशा माणसामागून मी एकदा चालले आहे. काही वर्षांपूर्वी, करोनाची साथ ओसरल्यावर, भाषांतराच्याच एका कामासाठी कंपालाला गेले होते. तिथून पश्चिमेला सुमारे तीनशे किलोमीटरवर फोर्ट पोर्टल, आणि त्याच्या दक्षिणेला किबाले. १९३२ पासून हे राखीव जंगल आहे, १९९३ पासून राष्ट्रीय उद्यान. इथे चिंपांझींचे अनेक समुदाय आहेत. त्यांतल्या कन्यावाराच्या समुदायावर रिचर्ड रँगम यांनी १९८७ मध्ये काम सुरू केले, आणि गोगो इथला समुदाय दोनशेवर पोचला, एवढा मोठा दुसरा कुठे नोंदलेला नाही. प्रवाशांना नेतात ते कन्यांचू इथून. तिथला समुदाय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरावत आणला गेला.

नियम सकाळीच सांगितले गेले. एका गटात मोजकी माणसे. तोंडावर मास्क. सर्दी-खोकला असेल त्याने आताच सांगावे, त्याला नेणार नाही. चिंपांझी भेटल्यापासून एक तास, त्यावर एक मिनिटही नाही. जंगलात खायचे नाही, थुंकायचे नाही. आमच्या वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक होती. ती हत्तींसाठी, हवेत झाडायची.

तोरो प्रदेशात माणसाला हाक मारायची वेगळी रीत आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाखेरीज एक ‘एंपाको’ असते, आणि अशी एंपाको सगळ्या समाजात मिळून फक्त बारा. आदराने, मायेने बोलायचे तर त्याच नावाने. ही प्रथा मागे पडत चालली म्हणून युनेस्कोने २०१३ मध्ये ती तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घातली. वाटाड्याने चालता चालता आम्हा सगळ्यांना एकेक एंपाको देऊन टाकले. मला ‘अबवोली’ मिळाले. “आता तुम्ही पाहुण्या नाहीत,” तो म्हणाला, “आता तुम्हाला ओरडता येईल.” आणि मी वाट सोडून पाऊल टाकताच त्याने ओरडून दाखवलेही.

पहिला तासभर आम्ही चिंपांझी पाहिलाच नाही. आम्ही त्याचे वाचन पाहिले. उंबराच्या कुळातल्या एका प्रचंड झाडाखाली फळांचे चोथे पडले होते. चिंपांझी फळ चघळून रस गिळतो आणि चोथा दाबून थुंकतो. वाटाड्याने एक चोथा काठीने उलटा केला. आतून ओला. म्हणजे सकाळचा. पुढे चिखलात बोटांच्या मधल्या पेरांचे ठसे होते. चारही पायांवर चालताना हाताची मूठ टेकते त्याचे. वर एका फांदीवर पानांची गादी: कालची झोपायची जागा. मोठा चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवी गादी करतो, कालच्या गादीवर सहसा झोपत नाही. त्या गादीची पाने अजून हिरवी होती. खाली विष्ठा होती, तीत बिया. “काल रात्री सात होते,” तो म्हणाला. आम्हाला तीन गाद्या दिसल्या होत्या. त्याने उरलेल्या चार बोटाने दाखवल्या.

मग लांबून आवाज आला. हळू हुंकारांनी सुरू होऊन, चढत चढत किंकाळीवर जाणारा, आणि त्याच्या शेवटी ढोलासारखे दोन-तीन ठोके. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी भिंतीसारखी मुळे उभी असतात, त्यांवर नर हातापायांनी ठोकतात. वाटाडा थांबला, मान किंचित तिरपी केली, आणि एका नराचे नाव सांगितले. त्याचे ठोके इतरांपेक्षा लवकर पडतात, म्हणे. आम्ही डावीकडे वळलो आणि वीस मिनिटांत तो नर वाटेवर बसलेला सापडला.

त्या तासात घडले काय? फारसे काही नाही. एक नर दुसऱ्याच्या पाठीतले काही वेचत बसला होता. एक मादी पोटाशी पिल्लू धरून आमच्या समोरून गेली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. तिचे ते न पाहणे हीच त्या तासाची सर्वांत मोठी गोष्ट होती. त्यामागे तीस वर्षांच्या पहाटा होत्या.

परतताना मी वाटाड्याला विचारले, जंगलात आधी कोण राहत होते? त्याने सरळ उत्तर दिले. किबालेच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, हजारो कुटुंबांनी शेते केली होती, आणि १९९२ मध्ये सरकारने त्यांना बळाने उठवले. पुष्कळांची पिके उभी होती. “तुम्ही पाहता ते जंगल,” तो म्हणाला, “माणसे काढून राखलेले आहे. चिंपांझींना ते माहीत नाही. आम्हाला माहीत आहे.” आजही उद्यानाच्या कडेच्या शेतांत हत्ती येतात, माकडे मका नेतात. भरपाईपेक्षा नुकसान मोठे असते, असे कडेची गावे सांगतात. म्हणजे प्रवाशाच्या एका तासाची किंमत परवान्यावर छापलेली असते तेवढीच नसते.

याच माणसांनी चिंपांझींविषयीची सर्वांत अवघड बातमीही प्रथम पाहिली. गोंबेत १९६८ पासून हिलाली मातामा हा स्थानिक माणूस काम करत होता. ७ जानेवारी १९७४ रोजी तो चिंपांझींच्या एका टोळीमागे होता. गोंबेचा मोठा समुदाय त्याआधी दुभंगला होता, उत्तरेला कासाकेला आणि दक्षिणेला कहामा. त्या दिवशी कासाकेलाची टोळी दक्षिणेला सरकली. झाडावर एकटाच खात बसलेला गोदी नावाचा कहामाचा नर त्यांना दिसला. त्यांनी त्याला खाली ओढले, धरून ठेवले आणि सुमारे दहा मिनिटे चावले, मारले. गोदी उठून गेला, पण पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढच्या चार वर्षांत कहामा समुदाय संपला. एकमेकांना ओळखणाऱ्या, एकत्र वाढलेल्या नरांनी असे करावे, याची नोंद त्याआधी नव्हती. ती हिलालीच्या डोळ्यांनी झाली.

मे १९७५ मध्ये सरोवरापलीकडून आलेल्या सशस्त्र बंडखोरांनी गोंबेतल्या चार परदेशी तरुणांना पळवून नेले. पुढे त्यांची सुटका झाली, पण परदेशी विद्यार्थी तिथून गेले. काम थांबले नाही. हिलाली आणि त्याचे सहकारी, एस्लोम म्पोंगो, हमिसी म्कोनो, याहाया अलमासी, पहाटे गाद्यांखाली उभे राहत आणि संध्याकाळी नव्या गाद्या होईपर्यंत मागे चालत. जे दिसे ते वह्यांत स्वाहिलीत लिहीत. या वह्यांतल्या मजकुराचे पुढे इंग्रजी भाषांतर होत गेले. हे सारे दप्तर नंतर अमेरिकेत, आधी मिनेसोटा आणि मग ड्यूक विद्यापीठात, जपले गेले. गोंबेविषयीच्या कितीतरी निबंधांचा पाया या स्वाहिली ओळी आहेत.

हिलालीने पाहिले ते मान्य व्हायला वेळ लागला. केळ्यांमुळे हे घडले, माणसाने गर्दी करवली म्हणून चिंपांझी बिघडले, असा आक्षेप बरीच वर्षे चालला. आक्षेप रास्त होता आणि तो तपासणे आवश्यक होते. २०१४ मध्ये चिंपांझींच्या १८ समुदायांच्या नोंदी एकत्र करून १५२ हत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाऊ घालणे किंवा माणसाचा वावर यांच्याशी हत्यांचा संबंध लागला नाही. या अठरा समुदायांच्या नोंदींमागेही असेच मागे चालणारे लोक होते. ज्याच्या अंगणात केळी ठेवलेली नव्हती, त्याच्या वहीतही तेच आले होते.

मात्र माणसाचा वावर निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. १९६६ मध्ये गोंबेत पोलिओ आला. काही चिंपांझी मेले, काही कायमचे लुळे झाले. २०१३ मध्ये किबालेतल्या कन्यावारात श्वसनाचा आजार पसरला आणि ५६ पैकी ५ चिंपांझी गेले. कारण निघाले ते माणसांतला र्‍हायनोव्हायरस, आपल्याकडे ज्याने नाक वाहते आणि आठवड्यात बरे वाटते तो. सरावल्यामुळे चिंपांझी आपल्याला जवळ येऊ देतो, आणि जवळ येणाऱ्याच्या श्वासातून त्याला मरण येऊ शकते. तो मास्क आणि ते अंतर यांचा अर्थ मला तेव्हा जितका कळला नव्हता तितका ही संख्या वाचल्यावर कळला. युगांडात दुसरा धोका फासांचा. हरणासाठी, डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात चिंपांझीचे बोट किंवा मनगट अडकते. किबाले आणि बुडोंगो या दोन्ही जंगलांत पंजा गमावलेले चिंपांझी दिसतात. फास काढत फिरणाऱ्या पथकांतही आसपासच्या गावांतलीच माणसे असतात. बुडोंगोत तर पूर्वी फास लावणाऱ्यांनाही या कामात घेतले गेले; कारण फास कुठे लावावा हे ज्याला कळते त्यालाच तो कुठे सापडेल हे कळते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन गुडॉल गेल्या. जगभरातल्या भाषांत लेख आले, मराठीतही आले, आणि ते यायलाच हवे होते. आपल्या पुस्तकांतून त्यांनी स्वतः हिलाली, एस्लोम आणि इतरांची नावे घेतली आहेत. ही नावे गळतात ती त्यानंतर: पुस्तकातून लेखात, लेखातून पाठ्यपुस्तकात, पाठ्यपुस्तकातून माहितीपटाच्या दोन वाक्यांत. भाषांतरात नेमके काय गळते असे मला विद्यार्थी विचारतात. बहुतेकदा कविता गळत नाही. गळतो तो ‘कोण म्हणाले’ हा तपशील.

स्वाहिलीत वहीला ‘दफ्तरी’ म्हणतात. मूळचा तोच फारसी-अरबी शब्द आपल्याकडे शाळेच्या दप्तरात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. दोन किनाऱ्यांनी तो वेगवेगळा वापरला. पेशवे दप्तरातले कागद वाचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. स्वारीचा खर्च, पिकांची आणेवारी, घाटातल्या चौकीवर कोण आले कोण गेले, हे ज्या कारकुनाने लिहिले त्याच्या अक्षरावर सगळा इतिहास उभा आहे, आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याचे फक्त अक्षर माहीत असते. गोंबेच्या दफ्तरींबाबत आपण जरा सुदैवी आहोत. तिथे अक्षर कुणाचे हेही माहीत आहे. १८७४ मध्ये वॉलरने सुसी आणि चुमा यांची नावे टिपेत लिहिली तेव्हा त्याला कागदाची अर्धी ओळही लागली नाही. तेवढी जागा कुठल्याही लेखात असते.